मुलांना घेऊन टेक्सासला जाताय? बंदुकीविषयीच्या तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला चाललात, असं तुम्ही लिहिलंत. नवरा एल-१ वर (कंपनीनं बदली केली की मिळणारा व्हिसा), तुम्ही आणि मुलं एल-२ वर (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा), मुलगा बारा वर्षांचा, मुलगी पाच. तुमचे प्रश्न तीन: घरोघरी बंदुका असतात म्हणे, तर मुलांना कोणाकडे खेळायला पाठवायचं कसं? तसं विचारलं तर शेजारी दुखावतील का? आणि संरक्षणासाठी आपणही एखादी घ्यावी का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात छोटं आहे, म्हणून तो आधी घेऊया.

घेऊ नका. तुम्हाला ती घेताच येत नाही. नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी नसलेल्या, व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे, आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एल-२, एफ-१ सगळे यात आले. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे एखाद्या राज्यानं दिलेला शिकारीचा चालू परवाना. ‘शंभर डॉलरमध्ये परवाना काढ आणि घेऊन टाक’ असा सल्ला ऑफिसात कोणीतरी देईलच. इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. नेमबाजीच्या रेंजवर भाड्यानं पिस्तूल घेऊन दहा गोळ्या झाडणंही याच कलमात येतं. आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. मित्र आठवडाभर बाहेरगावी जाताना ‘तुझ्या कपाटात ठेवतो’ म्हणाला, तर बंदूक त्याची असली तरी ताबा तुमचा धरला जाऊ शकतो. सरळ नाही म्हणा. व्हिसा हे कारण कोणालाही पटतं, त्यात संकोच नको.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न तुमच्या घरातल्या बंदुकीचा नाही, दुसऱ्यांच्या घरातल्या बंदुकीचा आहे.

ठाण्यात आपण बंदूक पाहतो ती बँकेच्या दारातल्या किंवा कॅश व्हॅनजवळच्या रखवालदाराच्या हातात. परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, निवडणूक आली की बऱ्याच परवानाधारकांना हत्यार जमा करावं लागतं, आणि सोसायटीत कोणाकडे बंदूक असेल तर ती गोष्ट चारही विंगना माहीत असते. तिकडे तसं नाही. अमेरिकेत साधारण दहातले चार प्रौढ अशा घरात राहतात जिथे बंदूक आहे, आणि टेक्सास या बाबतीत सरासरीच्या वरच आहे. २०२१ पासून तिथे बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल अंगावर बाळगता येतं. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तरी बंदी असेल, असंही समजू नका. २०१९ च्या कायद्यानं घरमालकाला भाडेकरूच्या कायदेशीर बंदुकीवर बंदी घालता येत नाही. बंदूक असणारं घर म्हणजे विचित्र घर, हा समज विमानतळावरच सोडून द्या. ते शाळेतल्या बाईंचं असेल, डॉक्टरांचं असेल, महाराष्ट्र मंडळात मोदक करून आणणाऱ्या काकूंचंही असेल. पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या, नागरिक झालेल्या आपल्या लोकांकडेही बंदुका आहेत. ‘मराठी घर आहे, विचारायची काय गरज’ असं म्हणून तिथे प्रश्न गाळू नका.

कायदा किती मदत करतो? थोडी, आणि तीही उशिरा. घरातली बंदूक कुलपात ठेवा असं सांगणारा केंद्रीय कायदा नाही. परवानाधारक दुकानदारानं पिस्तूल विकताना सोबत कुलूप द्यावं एवढंच केंद्र सांगतं. ते कुलूप लावलं का, हे बघायला कोणी येत नाही. टेक्सासचा कायदा असा, की भरलेली बंदूक निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर मालक दोषी. साध्या प्रसंगात ५०० डॉलरपर्यंत दंड. गोळी सुटून कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं, तर वर्षभरापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. मॅसॅच्युसेट्समध्ये मालकाच्या ताब्यात नसलेली प्रत्येक बंदूक कुलपात हवी, मग घरात मूल असो नसो. पुढेमागे राज्य बदललंत तर हे नव्यानं तपासा.

आता विचारायचं कसं. प्रश्न एकटा फेकला तर समोरच्याला आरोप वाटतो. यादीत घातला तर वाटत नाही. पहिल्यांदा खेळायला बोलावणं आलं की मेसेज करा. आधी आपली माहिती द्या: मुलीला अमुक चालत नाही, ती कुत्र्याला घाबरते. मग विचारा: घरात कुत्रा आहे का, मागे पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आहे का, बंदूक असेल तर ती कुलपात असते का. टेक्सासात पोहण्याचा तलाव हाही मोठाच धोका आहे, त्यामुळे यादी खोटी वाटत नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना हा प्रश्न विचारायला पालकांना वर्षानुवर्षं सांगत आलीय, त्यामुळे अनेकांनी तो आधी ऐकलेला असतो. बहुतेक मालक सरळ उत्तर देतात, काही तर कौतुकानं तिजोरी दाखवतात.

‘तुमच्याकडे बंदूक आहे का’ यापेक्षा ‘कुलपाबाहेर एखादी आहे का’ हे विचारलेलं बरं. पहिल्यात मालकीची चौकशी होते, दुसऱ्यात फक्त मुलांच्या काळजीची.

उत्तर ऐकताना कान कुठे टवकारायचे ते सांगते. ‘वरच्या फळीवर आहे, मुलांना माहीतच नाही’ हे सगळ्यात धोक्याचं उत्तर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं होतं. मुलांना जागा माहीत नाही असं छातीठोक सांगणाऱ्या दर दहा पालकांमधल्या जवळपास चौघांच्या मुलांना ती माहीत होती. दिवाळीचे लाडू कुठे दडवलेत हे शोधणाऱ्या मुलांच्या आयांना यात नवल वाटू नये. ‘सेफ्टी लावलेली असते’ हेही पुरेसं नाही. सेफ्टी ही अंगठ्यानं सरकवायची खिट्टी आहे, कुलूप नव्हे, आणि पुष्कळ लोकप्रिय पिस्तुलांना ती बाहेरून नसतेच. ‘मॅगझिन (गोळ्यांचा खोका) काढून ठेवलंय’ हे तर फसवंच. मॅगझिन काढलं तरी आधीची एक गोळी नळीच्या मागच्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, राहू शकते आणि बऱ्याचशा पिस्तुलांतून ती सुटतेही. ‘रिकामी समजलो होतो’ म्हणून होणाऱ्या अपघातांमागे अनेकदा हीच एक गोळी असते.

चांगलं उत्तर कसं असतं? बंदूक रिकामी, कुलपात; गोळ्या वेगळ्या, त्याही कुलपात; किल्ली किंवा कोड फक्त मोठ्यांकडे. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात या चारही सवयींचा, प्रत्येकीचा वेगवेगळा, मुलांच्या बाबतीत कमी धोक्याशी संबंध दिसला होता. उत्तर असं मिळालं नाही तर वाद घालू नका. ‘या वेळी आमच्याकडेच येऊ देत’ किंवा ‘बागेत भेटूया’ म्हणा. रात्रीच्या मुक्कामाला मात्र अर्धवट उत्तरावर पाठवू नका. मुलं जागी आणि मोठे झोपलेले, अशी तीच वेळ असते.

घराइतकंच दोन जागांकडे लक्ष द्या: गाडी आणि पर्स. पिस्तूल गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात किंवा सीटखाली ठेवणारे टेक्सासात खूप आहेत. मुलांना आळीपाळीनं शाळेत सोडायचं ठरलं तर गाडीबद्दलही विचारा. मुलं सांभाळायला येणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगा, की आमच्या घरात बंदूक चालत नाही, पर्समध्येही नाही. सोफ्यावर ठेवलेली पर्स पाच वर्षांचं मूल बिनदिक्कत उघडतं. पाच वर्षांच्या बोटात चाप ओढण्याइतकी ताकद नसते, या समजुतीवर विसंबू नका. नेहमीच्या पिस्तुलाचा चाप साधारण अडीच किलोच्या जोरानं दबतो, आणि मूल पिस्तूल उलटं धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबतं. तेव्हा नळी कुठे वळलेली असते हे सांगायला नको.

मुलांना काय शिकवायचं? नियम चार तुकड्यांचा: थांब, हात लावू नको, तिथून बाहेर पड, मोठ्याला सांग. तिथल्या काही शाळांतही हाच शिकवतात. पण फक्त सांगून भागत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना एका खोलीत सोडलं होतं, खणात खरं पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. ज्यांना सापडलं त्यांतल्या बहुतेकांनी हाताळलं, काहींनी चाप ओढला, आणि हाताळणाऱ्या जवळपास सगळ्यांना बंदुकीबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. पाठ म्हणता येणं वेगळं, समोर आल्यावर हात मागे घेणं वेगळं. म्हणून सराव हवा, आणि तो ठाण्यातल्या घरीच सुरू करता येतो. दिवाळीतली टिकल्यांची बंदूक न सांगता कधी सोफ्यावर, कधी खणात, कधी आजीच्या खोलीत ठेवा आणि लांबून बघा. हात लावला तर रागावू नका, तिथल्या तिथे चारही पायऱ्या करून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. खरी की खोटी हे मुलानं ठरवायचंच नाही, हा यातला गाभा. कारण ते ओळखणं मोठ्यांनाही जमत नाही. सराव सुरू करण्याआधी खेळण्यातल्या बाकीच्या बंदुका घरातून काढून टाका, नाहीतर नियम गोंधळाचा होतो. एवढं करूनही शिकवलेलं मूल म्हणजे लावलेलं कुलूप नव्हे. विचारणं तुमचंच काम राहतं.

टिकल्यांची बंदूक सामानात नेऊ नका. टिकल्या स्फोटक म्हणून विमानात चालतच नाहीत. तिकडे खेळण्याच्या बंदुकीला नारिंगी टोक लागतं, आणि ते असलं तरी ती रस्त्यावर-बागेत न्यायची नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलंडच्या एका बागेत १२ वर्षांच्या तामिर राइसकडे नारिंगी टोक काढलेली खेळण्यातली बंदूक होती. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि दोनेक सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. तुमच्या मुलाचं वयही तेच. शाळेत खरी बंदूक नेली तर किमान वर्षभर हकालपट्टी, असा १९९४ पासूनचा केंद्रीय नियम आहे, आणि खोट्या बंदुकीवरही शाळा आपापल्या नियमांनी कारवाई करतात. त्याहून जास्त मुलं अडकतात ती तोंडामुळे. मोबाइलवरच्या खेळात ‘उडवतो तुला’ म्हणायची सवय असेल तर ती इथेच मोडा. तिथे गमतीत लिहिलेला मेसेजही शाळा पोलिसांकडे देते.

बारा वर्षांच्या मुलाबद्दल आणखी एक, आणि हे लहान मुलीच्या काळजीपेक्षा महत्त्वाचं मानते. किशोरवयात बंदुकीच्या अपघातापेक्षा बंदुकीनं आत्महत्येचा धोका मोठा होतो. अशा प्रसंगांत वापरलेली बंदूक बहुतेक वेळा घरातली, आईवडिलांचीच असते, आणि बंदुकीच्या बाबतीत मागे फिरायला वेळ मिळत नाही. नवा देश, नवी शाळा, तुटलेले मित्र. मुलगा गप्प झाला, खोलीतच राहू लागला, तर तो ज्या-ज्या घरी जातो तिथे हा प्रश्न पुन्हा विचारा. तिथे आत्महत्येचे विचार येत असतील तर मदतीचा ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन आणि मेसेज दोन्हीला.

ग्रीन कार्ड आल्यावर काहींचा विचार बदलतो. तेव्हाही ‘नको’ असंच माझं मत राहील, पण घेतलीच तर हे बघा. केबल लॉक, म्हणजे तारेचं कुलूप, दहाएक डॉलरला मिळतं, अनेक पोलीस ठाण्यांत फुकटही. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून ती तार वरच्या खाचेतून आत घालून मॅगझिनच्या पोकळीतून बाहेर काढायची. नुसती चापामागून ओवायची नाही. चापावर बसणारं कुलूप भरलेल्या बंदुकीला कधीही लावू नये, लावतानाच चाप दबू शकतो. छोटी पोलादी पेटी भिंतीला किंवा पलंगाच्या सांगाड्याला जखडलेली हवी, नाहीतर मूल ती उचलून नेतं आणि आपटून बघतं. स्वस्तातल्या काही पेट्यांची खिट्टी अशा आपटण्यानं सुटते. बोटाच्या ठशाच्या पेटीबद्दल सावध राहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा सुमारे ६१,००० पेट्या ग्राहक सुरक्षा आयोगानं परत बोलावल्या, कारण ठसा नीट नोंदवलेला नसेल तर त्या कुठल्याही बोटानं उघडत. नवी पेटी आणली की घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा. कोड वाढदिवसाचा नको, वर्षातून एकदा सेल बदला, आणि जादा किल्ली पेटीच्या खोक्यातच विसरू नका.

मुलगा ठाण्यात एअर रायफल शिकतोय असं तुम्ही लिहिलंय. केंद्रीय व्याख्येत हवेची रायफल बंदुकीत मोडत नाही आणि टेक्सासमध्येही नाही, त्यामुळे तो सराव चालू ठेवता येईल. न्यू जर्सीसारख्या राज्यात मात्र ती बंदूकच मानतात. स्काउटच्या उन्हाळी शिबिरात खऱ्या पॉइंट टू-टू रायफलचा तास असतो आणि पालकांकडून संमतीपत्र येतं. त्याच्या एल-२ मुळे तिथेही वरचंच कलम आड येऊ शकतं, म्हणून सही करण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका.