मुलीला नर्सिंगपासून कसं परावृत्त करू?

नमस्कार,

मेडिकलच्या नीट प्रवेशपरीक्षेचे दोन प्रयत्न देऊन झाल्यावर मुलगी बीएस्सी नर्सिंग करायचं म्हणते. कॉलेजात फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर प्रकल्प केला तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. तिला समजवा आणि तिसऱ्यांदा नीटला बसवा, असं तुम्ही लिहिलंत. पत्रात तिचे गुण एका ओळीत आटोपले आहेत. नातेवाईक काय म्हणतील आणि स्थळं कशी येतील, यावर मात्र दीड पान. काळजी वाटली ती या दीड पानाची. एकोणीस वर्षांच्या मुलीचं आणखी एक वर्ष तुम्ही भावकीच्या धाकापायी खर्ची घालायला निघालात. मी तिला समजावणार नाही.

‘डॉक्टरांच्या हाताखाली सेवा करायची, त्यात डोकं कुठे लागतं?’ हे तुमचं वाक्य साफ चुकीचं आहे. नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिका घेऊन क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांसाठी तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. तरीही त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले. १८५५ च्या मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने तिने हे सगळे आकडे मांडले. जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनीच जास्त माणसं गेली, हे तिने १८५८ मध्ये रंगीत आकृतीत दाखवलं. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य. हातात दिवा घेतलेलं चित्र तेवढं आपल्या लक्षात राहिलं.

आजच्या वॉर्डातलं एकच काम बघा. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचंय. सलाईनच्या नळीचा सेट २० थेंबांना एक मिलीचा असेल तर मिनिटाला ४२ थेंब. तोच वेग ६० थेंबांना एक मिली देणाऱ्या मायक्रो सेटवर लावला तर बाटली संपायला बारा तास लागतात. उलट चूक होऊन सलाईन भराभर गेलं, तर हृदयविकाराच्या म्हाताऱ्या पेशंटच्या फुप्फुसात पाणी साठू शकतं. डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्री तीन वाजता श्वास बदललाय हे ओळखायचं सिस्टरनेच.

आणि पुण्यात राहून तुम्ही प्रतिष्ठेचा मुद्दा काढावा, याचं वाईट वाटतं. इथे १९०९ मध्ये सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानड्यांनी मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांना नर्सिंगचं शिक्षण मिळवून दिलं. ‘आपल्या घरातली बाई?’ हा प्रश्न त्यांनाही ऐकावा लागला होता.

राज्याची बीएस्सी नर्सिंग सीईटी द्यावी. लष्करी नर्सिंगच्या प्रवेशात नीटचे गुण कामी येतात, म्हणजे तिची दोन वर्षं फुकट गेलेली नाहीत. सरकारी नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन केंद्रात ४४,९०० पासून सुरू होतं. छोट्या खासगी रुग्णालयांत मात्र पगार फार कमी असतात, हे तिला आत्ताच सांगा. रात्रपाळीचंही सांगा.

नाइटिंगेलच्या घरच्यांचाही कडाडून विरोध होता. अखेर १८५३ मध्ये वडिलांनी तिला वर्षाला ५०० पौंड द्यायला सुरुवात केली, म्हणून ती स्वतंत्रपणे काम करू शकली. प्रकल्पातला हा भाग मुलीकडून मुद्दाम ऐका.

मग दोघं मिळून कॉलेजं बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आहे का, आणि कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का, हे आधी तपासा. ओपीडीच्या वेळेत तिथे जाऊन या. खाटा रिकाम्या दिसल्या तर तिथे फी भरू नका. पेशंटच नसतील तर मुली शिकणार कशावर?