गुळाच्या धंद्यात उतरतोयस म्हणून

पोरा, शाहूपुरीत गुळाचं दुकान टाकतोयस, चांगलं आहे. पण साखर मिसळलेले गुळाचे रवे (ढेपा) 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून खपवू नकोस. पहिल्या हंगामात गल्ला भरेल, हे मान्य. बायबलमधलं नीतिसूत्रे 20:17 काढून वाच: लबाडीची भाकर आधी गोड लागते, मागाहून तोंडात खडेच. (गूळवाल्याला आणखी काय सांगायचं!) अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी, त्याचंच बघ, बायबलमध्येच 2 राजे, अध्याय 5. अरामी सेनापती नामानाचं कोड बरं झालं, म्हणून त्याने अलीशाला भेट देऊ केली. अलीशाने ती नाकारली, पण गेहजीने खोटं बोलून नामानाकडून उकळली: दोन किक्कार (जुनं मोठं वजन) चांदी आणि दोन पोशाख. नामानाचं कोड त्यालाच चिकटलं, वर त्याच्या संततीलाही. कपडे कितीदा घातले असतील, कुणास ठाऊक. जक्कय नावाच्या जकातदाराने मात्र, येशू भेटल्यावर, लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. बरं, तुझ्या काट्यावर यंदाचा शिक्का मारून घेतलास ना?