चिकट स्पंज आणि पांढरे दाणे

प्रश्न : आमच्या तीन फुटी टाकीत चार गोल्डफिश आहेत. काचेवर सारखं हिरवं शेवाळ येतं, म्हणून दुकानदाराने फॉस्फेट शोषणारे पांढरे दाणे दिले. फिल्टरमध्ये जागा नव्हती. जुना चिकट स्पंज फेकून त्या जागी सगळे दाणे भरले. पाचव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. दाणे विषारी होते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, दाण्यांवर आळ घेण्याआधी त्या स्पंजचा विचार करा. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या चिकट थरातच राहतात. तुम्ही घाण नव्हे, आख्खी वस्तीच उठवलीत!

आजच निम्मं पाणी बदला. नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. एअर पंप चालू ठेवा, दोन दिवस खाणं बंद. अमोनियाचं टेस्ट किट आणा. आकडा शून्यावर येईपर्यंत रोज थोडं थोडं पाणी बदलत राहा. कुणाच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज तुकडाभर फिल्टरमध्ये घालायला मिळाला, तर सोन्याहून पिवळं.

मासे सावरले की मग दाणे. हे बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. कोरडे दाणे भिजताना तापतात. मी एकदा मूठभर दाण्यांवर नळ सोडला आणि दचकून मूठ उघडली. म्हणून आधी बादलीत, पांढरी भुकटी जाईपर्यंत धुवा. जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या वाटेत स्पंजच्या नंतर ठेवा, म्हणजे पाणी गाळून मगच त्यांच्यापर्यंत येईल. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा. फॉस्फेट मोजत राहा. आकडा पुन्हा चढू लागला की दाण्यांची शोषायची ताकद संपली, बदला. टाकीत झाडं असतील तर जपून, फॉस्फेट त्यांचंही अन्न आहे. समुद्री टाकीवाले लोहाचे तांबडे दाणे वापरतात. तिथे फॉस्फेट झपकन उतरलं तर प्रवाळ आजारी पडतात.

पण फॉस्फेट येतं कुठून? बरंचसं खाण्यातून. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ‘बिचारे उपाशी दिसतायत’ म्हणत चिमूट टाकून जायचा. शेवटी डबा कपाटात कुलपात ठेवला. दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. नळाचं पाणीही एकदा तपासा. फॉस्फेट त्यातूनच येत असेल तर दाण्यांचा खर्च सार्थकी लागेल. आणि टाकीवर खिडकीतून ऊन पडतं का, तेही कळवा.