वर्डप्रेस ब्लॉग दोनदा साफ केला, तरी पुन्हा हॅक होतोय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की गूगलवरून मोबाइलवर येणारा वाचक जुगाराच्या साइटवर जातो, तुम्ही स्वतः ब्लॉग उघडलात की सगळं ठीक दिसतं, आणि सिक्युरिटी प्लगइनने साफ करूनही आठवड्याभरात पुन्हा तेच. म्हणजे घुसलेला कोड निघाला, पण एकतर ज्या वाटेने तो आला ती उघडी आहे, नाहीतर आत ठेवलेली चोरवाट सापडलेली नाही. बहुतेक वेळा दोन्ही.

तुम्हाला दिसत नाही याचं कारण साधं आहे. असला कोड आधी तपासतो: वाचक गूगलमधून आला का, मोबाइलवर आहे का, लॉगिन केलेला आहे का. लॉगिन असलेल्या माणसाला, म्हणजे मालकाला, तो मुद्दाम काही दाखवत नाही. त्यामुळे तपासताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, इनकॉग्निटोमध्ये, गूगलवर शोधून आपल्या लिंकवर टिचकी मारा. गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) यूआरएल इन्स्पेक्शन करून गूगलला कोणतं पान दिसतं तेही पाहा.

आता सफाई. सुरुवातीला आहे त्या अवस्थेत पूर्ण बॅकअप आणि ॲक्सेस लॉग (साइटवर कोणती विनंती कधी आली याची सर्व्हरवरची नोंद) उतरवून घ्या. लॉग बरेच होस्ट थोड्याच दिवसांत पुसून टाकतात, आणि तेच पुढे कामाला येतात.

मग त्याच सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) खात्यात आणखी काय काय आहे ते बघा. कधीतरी टाकलेली ‘टेस्ट’ साइट, बंद पडलेलं दुसरं डोमेन, ‘ओल्ड’ नावाचा फोल्डर. शेअर्ड होस्टिंगवर (एक सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटलेला) एका खात्यातल्या सगळ्या साइटी सहसा एकाच यूजरच्या नावाने चालतात, त्यामुळे एकीत शिरलेला कोड दुसरीच्या फाइली बिनदिक्कत लिहू शकतो. तुम्ही मुख्य ब्लॉग घासूनपुसून लख्ख करता आणि रात्रीतून शेजारची मेलेली साइट त्याला पुन्हा बाधित करते. हॅक परत येण्याचं हे सर्वात दुर्लक्षित कारण आहे. नको असलेलं सगळं काढा, हवं असलेलं सगळं एकाच वेळी साफ करा.

वर्डप्रेसच्या नव्या फाइली जुन्यांवर ‘ओव्हरराइट’ करू नका. हॅकरने जास्तीच्या टाकलेल्या फाइली त्याने जात नाहीत. ‘डब्ल्यूपी-ॲडमिन’ आणि ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ हे दोन्ही फोल्डर पूर्ण उडवा आणि ताजे टाका. साइटच्या मुख्य फोल्डरमधल्या सुट्या पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा) फाइलीही बदला. प्लगइन आणि थीमचंही तसंच: फोल्डर काढून मूळ ठिकाणाहून नवी प्रत आणा. सेटिंग्ज बहुतेक डेटाबेसमध्ये असतात, त्या जात नाहीत. मात्र प्लगइन डॅशबोर्डच्या ‘डिलीट’ बटणाने काढलं तर काही प्लगइन सेटिंग्जही पुसतात, म्हणून फोल्डर फाइल मॅनेजरमधून काढा. पैसे वाचवायला कुठून तरी उतरवलेली ‘नल्ड’ (विकतच्या थीमची कुलूप तोडलेली प्रत) थीम असेल, तर तिची नवी प्रत आणू नका. दार तिच्यातच असण्याची शक्यता दांडगी.

उरलेलं हाताने तपासायचं आहे, इथे घाई नको. ‘अपलोड्स’मध्ये फोटो आणि पीडीएफ असायला हवेत, तिथली पीएचपी फाइल संशयित (काही प्लगइन रिकामी ‘इंडेक्स’ फाइल ठेवतात, ती सोडून). ‘एमयू-प्लगइन्स’ फोल्डर उघडा: यातली प्लगइन नेहमीच्या यादीत दिसत नाहीत आणि डॅशबोर्डवरून बंदही करता येत नाहीत, म्हणून हॅकरची ही लाडकी जागा. ‘.एचटीॲक्सेस’ आणि ‘.यूजर.आयएनआय’ या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइली बघा; दुसरीत ‘ऑटो प्रीपेंड फाइल’ अशी ओळ असेल तर प्रत्येक पानाआधी ती फाइल चालते. सीपॅनेलचे क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघा. दर काही मिनिटांनी फाइल पुन्हा आणणारी ओळ तिथे बसलेली असेल, तर तुम्ही जन्मभर पुसत राहाल. शेवटी पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस उघडून बघायचं साधन) यूजर्सची टेबल उघडून डॅशबोर्डवरच्या यादीशी ताडून पाहा. लपवलेला ॲडमिन असाच सापडतो.

हे सगळं झाल्यावरच पासवर्ड बदला. आधी बदललात तर चोरवाटेतून नवा डेटाबेस पासवर्डही वाचता येतो. होस्टिंग, एसएफटीपी (फाइली चढवायचं खातं), डेटाबेस, सगळे ॲडमिन आणि ज्या ईमेलवर रीसेट लिंक येते तो ईमेल, असे सगळे बदला. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या मुख्य सेटिंग फाइलीतल्या आठ गुप्त कीज आणि सॉल्ट (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या लांबलचक अक्षरमाळा) याही नव्या टाका, त्याने सगळ्यांचं लॉगिन एका झटक्यात तुटतं, चोराचंही. प्रोफाइलमध्ये ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ (बाहेरच्या ॲपसाठी दिलेले) असतील तर ते वेगळे रद्द करावे लागतात.

मूळ दार शोधायला घुसवलेल्या फाइलीची वेळ पाहा आणि त्याआधीच्या काही मिनिटांतल्या ‘पोस्ट’ विनंत्या (सर्व्हरला काही पाठवणाऱ्या) लॉगमध्ये वाचा. बदलाची तारीख खोटी करता येते, एवढं ध्यानात असू द्या. दार बहुधा जुनं प्लगइन निघतं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ नावाच्या लोकप्रिय प्लगइनमध्ये असंच झालं: लॉगिन न करताच कुणालाही सर्व्हरवर फाइल चढवता येत होती, आणि ६.९ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तिथे पासवर्ड कितीही भक्कम असता तरी उपयोग नव्हता. अशा चुकीत प्लगइनची फाइल बाहेरून थेट चालवता येते, म्हणून प्लगइन नुसतं ‘डीॲक्टिव्हेट’ करून भागत नाही. वापरत नसाल तर काढून टाका.

पुढची काळजी म्हणून: प्लगइनचे ऑटो-अपडेट चालू ठेवा (५.५ आवृत्तीपासून डॅशबोर्डवरच सोय आहे). ॲडमिनला टू-फॅक्टर लावा आणि रोजचं लेखन ‘एडिटर’ खात्यातून करा. ‘अपलोड्स’मध्ये पीएचपी चालणं बंद करा, होस्टचा वेब सर्व्हर अपाचे असेल तर ‘.एचटीॲक्सेस’ने होतं, एनजिन्क्सवर ती फाइल वाचलीच जात नाही, होस्टला सांगावं लागतं. फोल्डरला ७५५, फाइलींना ६४४ आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ला ६०० परवानगी, ७७७ (कुणालाही लिहायची मुभा) कुणी सुचवली तरी देऊ नका. जेटपॅक किंवा मोबाइल ॲप वापरत नसाल तर ‘एक्सएमएल-आरपीसी’ (बाहेरच्या ॲपना वर्डप्रेसशी जोडणारी जुनी सोय) बंद करा. लॉगिनचा पत्ता लपवणं किंवा टेबलांचा ‘डब्ल्यूपी’ उपसर्ग बदलणं याने लॉगमधला कचरा थोडा कमी होतो, एवढंच. त्यात वेळ घालवू नका. सिक्युरिटी प्लगइन जरूर ठेवा, पण ते त्याच पीएचपीत चालतं, त्यामुळे आत शिरलेला कोड त्यालाही आंधळं करू शकतो.

बॅकअप त्याच सर्व्हरवर नको. ब्लॉग रोज बदलत असेल तर डेटाबेस रोज, फाइली आठवड्याला, आणि निदान दोन-तीन महिन्यांच्या प्रती ठेवा. घुसखोरी लक्षात येईपर्यंत महिना उलटलेला असतो, आणि फक्त सात दिवसांच्या प्रती असतील तर सातही बाधित निघतात.

आणि सर्च कन्सोलमध्ये मालकांची यादी तपासा. हॅकर पडताळणीची फाइल टाकून स्वतःला मालक करून घेतात. ते नाव आणि सर्व्हरवरची ती फाइल, दोन्ही काढा. ‘सिक्युरिटी इश्यूज’मध्ये इशारा दिसत असेल तर वरचं सगळं झाल्यावरच रिव्ह्यूची विनंती करा आणि काय काढलं, कोणतं दार बंद केलं ते तिथे नेमकं लिहा.