लिथॉप्स ऑप्टिका रुब्राची पानं सुरकुतली आहेत, पाणी वाढवू का?

वाढवू नका. आजपासून बंदच करा. उत्तर मोठं आहे, पण आधी झारी बाजूला ठेवा आणि मग पुढचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी लिथॉप्स ऑप्टिका रुब्राची, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या या छोट्या मांसल रोपाची, दोन रोपं तुम्हाला भेट मिळाली. एक टणक आहे. दुसऱ्याची पानं सुरकुतायला लागली, रंग उतरला, म्हणून तुम्ही त्याला रोज दोन चमचे पाणी घालताय, तरी सुरकुत्या वाढतच चालल्यात. मधल्या फटीत काहीतरी गडद लाल दिसतंय, ती बुरशी असेल अशी भीती वाटतेय. शिवाय दोन्ही रोपं एका कुंडीत लावली तर चालेल का आणि यांच्यापासून आणखी रोपं करता येतील का, हेही विचारलंय.

फटीतलं ते लाल म्हणजे बुरशी नाही, नवी पानं आहेत. तुमचं रोप कात टाकतंय.

लिथॉप्सच्या एका खोडाला दोनच पानं असतात, खाली एकमेकांत मिसळलेली आणि वर एका फटीने वेगळी झालेली. वर्षातून एकदा ही जोडी जाते आणि दुसरी येते. नवी जोडी जुनीच्या पोटात तयार होते, आणि वाढायला लागणारं बहुतेक पाणी ती मातीतून घेत नाही, जुन्या पानांतून घेते. अंगावर पिणाऱ्या बाळासारखंच आहे हे. जुनी पानं सुरकुतणं, पिवळट होणं, चिपाड होणं म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. अशा वेळी आपण पाणी घातलं की जुनी पानं पुन्हा फुगतात आणि जायचं नाव घेत नाहीत. मग एका जोडीवर दुसरी जोडी चढते, आतली पानं दबून वाकडीतिकडी होतात, आणि दोन जोड्यांच्या मध्ये ओल धरली तर कूज लागते.

माझं पहिलं लिथॉप्स मी असंच घालवलं. दर दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी घालत होते, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. एका सकाळी बाजूला बोट टेकवलं तर साल सरकली आणि आतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी कुंडीत तपकिरी डागाशिवाय काही उरलं नाही. याच्या एका पानापासून दुसरं रोप करता येत नाही, त्यामुळे वाचवायला काही हातातच राहत नाही. इतर मांसल रोपांवरून याचा अंदाज बांधू नका, हे मी एवढ्या ठामपणे सांगते ते त्या सकाळमुळे.

नंतरच्या रोपाला कात टाकण्याच्या काळात मी पाण्याचा थेंबही दिला नाही. तीन-चार महिने लागले. जुनी पानं आधी आजीच्या हातासारखी मऊ, सैल झाली, मग कडेने आत वळली, मग पातळ, मग अगदी कांद्याच्या वाळक्या सालीसारखी. त्या सालीला भेग पडून मधून जांभळट लाल, गुळगुळीत जोडी वर आली. साल ओढून काढायचा मोह होतो. काढू नका. पूर्ण वाळली की चिमट्याने हलकेच उचलली तर निघते, निघाली नाही तर राहू द्या.

पण प्रत्येक सुरकुती कात टाकण्याचीच असते असं नाही, आणि सगळं कसब ते ओळखण्यात आहे. फटीत नवी पानं दिसत असतील, फट रुंदावत असेल, तर पाणी नाही. फटीत काही नाही, रोप खाली खाली बसत चाललंय आणि बाजूला बोटांनी हलकं दाबल्यावर दबतंय, तर ती तहान. अशा वेळी संध्याकाळी एकदाच भरपूर पाणी घाला, कुंडीच्या खालून बाहेर येईपर्यंत. तहानलेलं रोप एक-दोन दिवसांत टणक होतं. तीन-चार दिवसांनीही झालं नाही तर मुळांनी काम सोडलंय असं समजा. पुन्हा पाणी घालू नका, रोप उपटून मुळं बघा. तिसरा प्रकार म्हणजे कूज: सुरकुती नाही, पण बुडाशी काचेसारखं पारदर्शक, मऊ, ओलसर. तुमच्या वर्णनात हे कुठेच नाही, त्यामुळे तुमचं रोप वाचेल असं मला वाटतं. रोज घातलेलं पाणी मात्र आता मातीत साचलंय. कुंडीतली माती आतपर्यंत ओली असेल आणि ती बागेची काळी किंवा नारळाच्या भुशाची असेल, तर वाट न बघता रोप काढा, मुळांची माती झाडा, दोन-तीन दिवस सावलीत कोरडं ठेवा आणि खाली सांगते तशा कोरड्या खडीत लावा. एरवी कात टाकताना मी रोप हलवत नाही, पण चिखलात ठेवण्यापेक्षा हलवलेलं बरं.

हे रोप मूळचं नामिबियातल्या ल्युडेरिट्झ गावाच्या आसपासच्या किनाऱ्यालगतचं. समोरून बेंग्वेलाचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे पाऊस नाममात्र आणि धुकं भरपूर. मुळं दगडांच्या भेगांमध्ये, पानं जमिनीत रुतलेली, फक्त माथा वर. त्या माथ्यावर अर्धपारदर्शक खिडकी असते, उजेड तिथून आत शिरतो आणि जमिनीखालच्या पानाच्या आतल्या हिरव्या भागापर्यंत पोचतो. इतका बेमालूम वेष आहे की 1811 साली विल्यम बर्चेल या इंग्रज प्रवाशाने दक्षिण आफ्रिकेत प्रीस्काजवळ याच्या जातभाईला दगड समजून उचललं, आणि मग ते रोप निघालं. पुढे 1922 मध्ये एन. ई. ब्राउन यांनी या वनस्पतींना लिथॉप्स हे नाव दिलं. ग्रीकमध्ये लिथॉस म्हणजे दगड आणि ऑप्स म्हणजे चेहरा. ऑप्टिका मूळची राखाडी हिरवट असते. रुब्रा हा तिचा लाल प्रकार, म्हणून एवढा शोधला जातो.

यावरून कुंडीचं गणित जुळवा. सोटमूळ असतं, म्हणून कुंडी उथळ नको, निदान 10 सेंटीमीटर खोल हवी. मिश्रणात तीन ते चार वाटे दगडी माल, म्हणजे प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), बारीक खडी, भरड वाळू, आणि एक वाटा साधी माती. दगडी माल 2 ते 5 मिलिमीटरचा असावा. हा आकार चाळून घ्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मला विचाराल तर कोणता दगड घेतला यापेक्षा त्यातली भुकटी काढली का हे जास्त महत्त्वाचं. भुकटी खाली बसते, कुंडीच्या तळाशी चिखल होतो, आणि वरून माती कोरडी दिसत असताना मुळं खाली बुडालेली असतात. खत जवळजवळ नकोच. वर अर्धा इंच खडी पसरा, रोपाची मान कोरडी राहते.

ऊन हवं. सकाळचं चार-पाच तास थेट ऊन आणि नंतर भरपूर उजेड, एवढ्यावर ते खूश असतं. उजेड कमी पडला तर रोप उंच, निमुळतं होतं आणि रुब्राची लाली फिकी पडते. पण सावलीतून एकदम कडक उन्हात ठेवाल तर माथ्यावर पांढरट डाग पडतो, आणि ती पानं जाईपर्यंत तो डाग तसाच राहतो. दहा-बारा दिवस रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या. पावसापासून आडोसा लागतोच. उकाड्याच्या रात्री याला सगळ्यात कठीण जातात, कारण याची रंध्रं रात्री उघडतात आणि हवा ते तेव्हाच आत घेतं. रात्रीही गरम आणि दमट असेल तर ते झोपी जातं. तेव्हा वारा खेळता ठेवा आणि पाणी घालू नका. फारच आक्रसलं तर संध्याकाळी कडेकडेने दोन-तीन चमचे, बस. थंडीत कोरडं असलं तर बऱ्यापैकी तग धरतं, मात्र गोठवणाऱ्या रात्री आत घ्या.

उकाडा ओसरल्यापासून फूल येऊन जाईपर्यंत हा याचा खरा पाणी पिण्याचा काळ. तेव्हासुद्धा कुंडी पूर्ण वाळल्यावरच, आणि वाळल्यावर आणखी काही दिवस थांबून. एका वेळी फार पाणी झालं तर पान उभं तडकतं. दिसायला भयंकर दिसतं, पण जीवावरचं नसतं. जखम कोरडी ठेवा. पुढच्या जोडीला त्याचं काही नाव-निशाण राहत नाही.

किडींत पिठ्या ढेकणावर नजर ठेवा. वाळक्या सालीच्या आत आणि मुळांवर तो कापसासारखा बसतो. वर दिसला तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा. मुळांवर दिसला तर सगळी माती टाकून द्या आणि मुळं धुऊन, वाळवून नव्या मिश्रणात लावा. भेट आलेली रोपं म्हणून एकदा तपासाच.

आता आणखी रोपांचं. थोरलं रोप कधी कधी नव्या जोडीऐवजी दोन जोड्या काढतं आणि त्याचा हळूहळू झुपका होतो. पण खरा रस्ता बियांचा, आणि तुमच्याकडे दोन रोपं आहेत हे तुमचं भाग्य. लिथॉप्सचं फूल स्वतःच्याच परागाने फळत नाही, दुसरं रोप लागतं. ऑप्टिका इतर लिथॉप्सच्या मानाने उशिरा, थंडीच्या तोंडावर फुलते. फूल पांढरं, पाकळ्यांच्या टोकाला बहुधा गुलाबी झाक, दुपारी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं, असं काही दिवस चालतं. दोन्ही रोपांवर एकाच वेळी फूल असेल तर मऊ कुंचला आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या फुलात फिरवा. बोंड धरलं तर पिकायला महिने जातात. वाळलेलं बोंड उघडायला हाताने फोडू नका. बशीत ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि बघत राहा. काही मिनिटांत त्याच्या पाकळ्या एकेक करून मागे वळतात, चांदणीसारखं उघडतं, आणि आत खसखशीहून बारीक बिया दिसतात. वाळलं की पुन्हा घट्ट मिटतं. वाळवंटात पावसाच्या थेंबाने बी उडावं म्हणून ही सोय. मी एकच बोंड एका दुपारी तीनदा उघडून पाहिलंय.

बी मातीत पुरायचं नाही, ओल्या बारीक मिश्रणावर नुसतं भुरभुरायचं आणि वर झाकण ठेवायचं. 20 ते 25 अंशांत आठवडा-पंधरवड्यात टाचणीच्या डोक्याएवढे गोळे दिसतात. या बाळरोपांना पाण्याचे थोरांचे नियम लावू नका. पहिल्या वर्षी ती फार वेळ कोरडी राहिली तर मरतात. झाकण हळूहळू काढा आणि माती हलकी ओलसर ठेवा. फुलायला तीन वर्षं, कधी पाच.

बी विकत घ्यावंसं वाटलं तर निळ्या आणि इंद्रधनुषी लिथॉप्सची चित्रं बघून घेऊ नका, तसं लिथॉप्स नसतंच. चांगल्या बियाण्याच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘सी’ आणि आकडा असतो. डेस्मंड कोल नावाचे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी सुमारे 400 ठिकाणची लिथॉप्स पाहून त्यांना क्रमांक दिले. रुब्राचा क्रमांक सी 81ए. हा क्रमांक असला की रोपाचं कूळ कळतं. उलट, मुळं तोडलेली, ओरखडे पडलेली, लहान-मोठी थोराड रोपं कोणी देत असेल तर घेऊ नका. दक्षिण आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत कोनोफायटमसारखी यांचीच भावंडं डोंगरउतारांवरून पोत्यांनी उपटली गेली, लाखो रोपं चोरांकडून जप्त झाली. एखाद्या जातीचं अख्खं घर एका टेकडीएवढं असतं. तिथलं रोप माझ्या खिडकीत आलेलं मला बघवणार नाही. बियांपासून वाढवलेलं रोप मिळतं, फक्त थांबावं लागतं.

आणि एका कुंडीचं म्हणाल, तर आत्ता नको. एक कात टाकतंय, दुसरं अजून नाही. एकाला पाणी चालेल तेव्हा दुसऱ्याला ते सोसणार नाही. टणक असलेल्यालाही सध्या पाणी देऊ नका, त्याच्या फटीकडे दर आठवड्याला बघा. वर्षभरात दोघांचा फेरा एका वेळी यायला लागला की एका खोल कुंडीत, दोन बोटं अंतर ठेवून, खुशाल लावा.