लाल मातीचे डाग आणि मुलांची जर्सी
तुमच्या मुलाने यंदाच फुटबॉल खेळायला सुरुवात केली असेल, तर आपल्या गोव्यातील लाल मातीचा डाग साध्या चिखलासारखा नसतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. या जांभ्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि तो क्लोरीनच्या ब्लीचने जात नाही. उलट जर्सीचा मूळ रंग मात्र उडू शकतो.

ओला चिखल चोळू नये, कारण त्यामुळे बारीक कण धाग्यांत अधिक खोल शिरतात. तो पूर्ण वाळू द्यावा, जर्सी झटकावी, मऊ ब्रशने भुकटी काढावी आणि मगच कापड उलटे करून डागावर थंड पाण्याची धार सोडावी. सुरुवातीला तांबूस पाणी निघते, ते नितळ येईपर्यंत साबण लावण्याची घाई करू नये. त्यानंतर द्रव डिटर्जंट लावून अर्धा तास ठेवावे.

तरीही तांबूस छटा उरलीच, तर परसातील बिंबल हे आंबट फळ चिरून त्याचा रस लावावा. त्यातील ऑक्झॅलिक आम्ल लोह विरघळवते, म्हणूनच गंजाच्या डागांवरही हा जुना घरगुती उपाय चालतो. मात्र आधी आतल्या शिवणीवर थोडा रस लावून पाहावा, 15 मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावे आणि हा रस ब्लीचमध्ये कदापि मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

रक्ताच्या डागाला गरम पाणी वर्ज्य आहे. गवताच्या डागासाठी एन्झाइमयुक्त डिटर्जंट वापरावे. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नये, उष्णतेने तो पक्का बसतो.