पंधरा दिवसांतलं लेखी काय आहे?

प्रश्न : नाशिकला आमची आर्किटेक्ट फर्म आहे. 10 मार्च 2025 ला 22 लॅपटॉप घेतले, एकूण 14,96,000 रुपयांचे. ऑर्डरमध्ये '14 इंच, फुल एचडी, अँटी-ग्लेअर, ईपीट गोल्ड व टीसीओ सर्टिफाइड' असं लिहिलं होतं; आमच्या युरोपातल्या क्लायंटला ही शेवटची दोन, पर्यावरणपूरक उपकरणांची प्रमाणपत्रं लागतात. स्क्रीन फिक्या निघाल्या, रेंडरचे (इमारतींच्या संगणकचित्रांचे) रंग कळत नाहीत. प्रमाणपत्र मागितलं की विक्रेता एनर्जी स्टारचं स्टिकर दाखवतो. फोनवर अनेकदा सांगितलं, 28 एप्रिलला ईमेल केला, 3,60,000 रुपये अडवून ठेवले. आता एमएसएमई कायद्याखाली चक्रवाढ व्याजासह पैसे भरा अशी त्याची नोटीस आली आहे. लॅपटॉप परत देऊन सगळे पैसे मागता येतील का?

उत्तर : नाही. इतके महिने त्याच मशीनवर कामं उरकून आता 'माल नापसंत' म्हणता येत नाही. मालविक्री अधिनियम 1930 च्या कलम 42 नुसार वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला की तो स्वीकारला असं धरतात. ग्राहक आयोगाचंही विचारू नका. या महिन्यातलं हे चौथं पत्र आहे. फर्मच्या धंद्यासाठी घेतलेल्या 22 लॅपटॉपना तिथे 'व्यावसायिक हेतू' आडवा येणार.

तुमचा राग स्क्रीनवर आहे, पण त्या मुद्द्यात दम कमी. फुल एचडी म्हणजे फक्त 1920 गुणिले 1080 पिक्सेल. 250 निट्सचं (निट म्हणजे उजेडाचं माप), 45 टक्के एनटीएससी रंगांचं, म्हणजे कमी रंग दाखवणारं स्वस्त पॅनलही फुल एचडीच असतं आणि एकाच मालिकेतल्या लॅपटॉपला दोन-तीन वेगवेगळी पॅनल येतात. रंगांवर पोट असणाऱ्या ऑफिसने ऑर्डरमध्ये ना निट्स लिहिले, ना एसआरजीबी (रंगांची ठरलेली कक्षा). दहा शब्दांचा कंटाळा केलात. टीसीओच्या निकषांत स्क्रीनच्याही अटी आहेत, तेवढा आधार मिळेल; पण रेंडरचे रंग त्यात बसतीलच असं नाही.

प्रमाणपत्राचं मात्र तुम्ही लिहिलंत, म्हणून मालविक्री अधिनियमाचं कलम 15 तुमच्या बाजूला आहे : वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. एनर्जी स्टार वीजवापराचं, बीआयएसचा शिक्का सुरक्षिततेचा. दोन्ही इथे गैरलागू. ईपीटची नोंद मॉडेलवार आणि देशवार होते. त्यांच्या नोंदवहीत तुमचं नेमकं मॉडेल भारतासाठी आहे का ते बघा, टीसीओच्या यादीतही बघा, आणि तारखेसह प्रिंट काढा. या नोंदी बदलत असतात, म्हणून आजच.

आता खरी गाठ. नोटिशीतला एमएसएमई कायदा म्हणजे लघुउद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा 2006. त्याच्या कलम 2(ब) प्रमाणे माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं मानतात. तिथून पैसे चुकते करायला जास्तीत जास्त 45 दिवस. पुढे कलम 16 : रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच ते सहा धरला तरी साडेसोळा ते अठरा टक्के होतात. तुमचे पंधरा दिवस 25 मार्चला संपले. ईमेल 28 एप्रिलचा. फोनवर काय ओरडलात त्याला शून्य किंमत.

पण तुम्ही पाठवलेल्या कागदांत अगदी तळाशी एक स्क्रीनशॉट आहे, ज्याचा प्रश्नात उल्लेखही नाही. तुमच्या आयटीच्या मुलाने 21 मार्चला विक्रेत्याला व्हॉट्सॲप केलंय : 'सर टीसीओ सर्टिफिकेट नाहीये, स्क्रीन पण डल आहेत, बदलून द्या.' अख्ख्या प्रकरणात कामाचा कागद हाच. नुसतं 'डल आहेत' असतं तर ती कुरकुर ठरली असती. 'बदलून द्या' आहे म्हणून हरकत म्हणता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक मजकूरही लेखीच. ही हरकत मान्य झाली, तर विक्रेत्याने ती दूर करेपर्यंत स्वीकाराचा दिवस उजाडत नाही आणि व्याजाचं मीटर सुरूच होत नाही. मान्य होईलच अशी खात्री मी देणार नाही. कर्मचाऱ्याला अधिकार काय होता, असं समोरचा वकील विचारेलच. तो फोन फॉरमॅट करू देऊ नका, विकू देऊ नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंक), तयार करून घ्या.

दुसरं, विक्रेत्याचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मागा. तो निव्वळ व्यापारी असेल, तर 2 जुलै 2021 च्या परिपत्रकाने घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं ते फक्त प्राधान्यक्षेत्र कर्जापुरतं. उशिराच्या पैशांवरचं हे व्याज त्याला मागता येऊ नये. बिलात इन्स्टॉलेशन आणि देखभाल दाखवून तो सेवा पुरवठादार असल्याचं म्हणेल, तिथे वाद होईल.

तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (या कायद्याखालचे थकबाकीचे वाद ऐकणारी सरकारी यंत्रणा) गेला तर तिथेच प्रतिदावा करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालाने ती वाट मोकळी आहे. कायदा नव्वद दिवसांत निकाल म्हणतो. नव्वद दिवसांत संपलेलं प्रकरण मी अजून पाहिलेलं नाही. आणि निकाल विरुद्ध गेला तर आव्हान देण्याआधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, हे आत्ताच हिशेबात धरा.

मागणी मालविक्री अधिनियमाच्या कलम 59 ची ठेवा : किमतीत घट. प्रमाणित मॉडेल आणि हातात आलेलं मॉडेल यांच्या मार्च 2025 मधल्या भावातला फरक दोन दुकानदारांकडून लेखी घ्या. समजा मशीनमागे 11,000 निघाले, तर 22 चे 2,42,000. मग उरलेले 1,18,000 अडवायला तुमच्याकडे कारण नाही. ते हक्क राखून, असं लिहून, या आठवड्यात एनईएफटी करा आणि त्याचा यूटीआर (व्यवहार क्रमांक) नोटिशीच्या उत्तरात घाला. उत्तर पोचपावतीसह स्पीड पोस्टनेच पाठवा, फोन करून नव्हे.